राजकीय अडथळ्यांतूनही हवामान बदलाचे काम कसे पुढे जाते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न वाचकांनी निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तसा निर्देश केला आहे. हवामान बदल खरा आहे की नाही, हा प्रश्न येथे घेतलेला नाही. विज्ञानाच्या दृष्टीने तो केव्हाच निकालात निघाला आहे.

१. राजकारणीच तयार नसतील तर काही होऊ शकते का, की सगळी चर्चा व्यर्थ आहे?

होऊ शकते आणि झालेलेही आहे, पण त्याला मर्यादा आहेत. अमेरिकेत वीज प्रकल्पांचे उत्सर्जन २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ३२ टक्क्यांनी कमी करण्याचा नियम ओबामा सरकारने २०१५ मध्ये आणला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या फेब्रुवारीत त्याला स्थगिती दिली, पुढच्या सरकारने तो मागे घेतला आणि तो एक दिवसही अमलात आला नाही. तरीही २०१९ पर्यंत जवळपास तेवढी घट होऊन गेली होती, कारण स्वस्त नैसर्गिक वायू, पवनचक्क्या आणि सौर पॅनल यांच्यापुढे जुने कोळसा प्रकल्प चालवणे परवडेनासे झाले.

यावरून राजकारणाची गरजच नाही असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. सौर वीज स्वस्त झाली तीही धोरणामुळेच. जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर आणि पवन विजेला वीस वर्षांचा हमीदर दिला, त्यामुळे मागणी तयार झाली, आणि ती भागवण्यासाठी चीनने प्रचंड कारखाने उभारले. २०१० नंतर साधारण दीड दशकात मोठ्या प्रकल्पांतील सौर विजेचा खर्च सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. म्हणजे एका देशात राजकीय बळ असताना जे झाले, त्याचा लाभ ते बळ नसलेल्या देशांनाही मिळाला. एकूण वेग मात्र अपुराच आहे: संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालानुसार आजची धोरणे तशीच चालू राहिली तर शतकाच्या अखेरीस तापमानवाढ सुमारे २.८ अंशांवर जाईल.

२. लोकांनाच हे नको आहे, म्हणून नेते करत नाहीत, असे नाही का?

बहुतांशी नाही. १२५ देशांतील सुमारे १,३०,००० लोकांचे एक सर्वेक्षण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या सरकारने अधिक काही करावे असे ८९ टक्के लोकांना वाटत होते आणि स्वतःच्या उत्पन्नाचा एक टक्का द्यायला ६९ टक्के लोक तयार होते. मात्र इतर किती लोक तयार असतील असे विचारल्यावर आलेला सरासरी अंदाज होता ४३ टक्के. आपण एकटे पडू या समजुतीने बहुसंख्य गप्प बसतात आणि नेतेही तोच अंदाज खरा धरून चालतात.

अर्थात सर्वेक्षणात होकार देणे आणि प्रत्यक्ष बिल भरणे यांत फरक आहे. तो प्रश्न ७ मध्ये पाहावा. खरी अडचण अशी की नुकसान कोणाचे होणार हे आज स्पष्ट दिसते आणि ते मोजक्या, संघटित, पैसेवाल्या गटांचे असते, तर लाभ सर्वांमध्ये विखुरलेला आणि पुष्कळसा पुढच्या पिढीच्या वाट्याला येणारा असतो. एखादी खाण बंद होणार म्हटल्यावर तिचे मालक आणि कामगार दोघेही रस्त्यावर येतात; न आलेल्या पुराबद्दल आभार मानायला मात्र कोणी मोर्चा काढत नाही.

३. दरवर्षी एवढी मोठी हवामान परिषद भरते, तरी ठोस निर्णय का होत नाही?

कारण तेथे मतदान होत नाही. १९९२ च्या हवामान करारानंतर कामकाजाचे नियम ठरवताना मतदानाच्या नियमावर एकमत झाले नाही आणि तो नियम आजतागायत स्वीकारला गेलेला नाही. त्यामुळे निर्णय सर्वसहमतीने घ्यावे लागतात, आणि ज्यांचे उत्पन्नच तेलावर अवलंबून आहे त्या देशांच्या हाती जणू नकाराधिकार येतो. ‘सर्वसहमती’चा अर्थही अध्यक्षांच्या हिमतीवर ठरतो: २०१० मध्ये कानकुन येथे बोलिव्हियाचा उघड विरोध असतानाही मेक्सिकोच्या परराष्ट्रमंत्री पॅट्रिशिया एस्पिनोसा यांनी हातोडा आपटून ठराव संमत झाल्याचे जाहीर केले होते. जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख निर्णयात यायला २०२३ ची दुबई परिषद उजाडावी लागली.

२०१५ च्या पॅरिस हवामान करारातील उद्दिष्टे प्रत्येक देशाने स्वतः ठरवायची आणि ती न गाठल्यास शिक्षा नाही, ही रचना अनेकांना पोकळ वाटते. तिच्यामागे १९९७ चा अनुभव आहे. त्या वर्षी क्योटोची परिषद भरण्यापूर्वीच अमेरिकेच्या सिनेटने, विकसनशील देशांवर बंधने नसलेला करार आपल्याला मान्य नाही, असा ठराव ९५ विरुद्ध ० मतांनी केला होता, आणि क्योटो करार पुढे सिनेटसमोर मंजुरीसाठी मांडलाच गेला नाही. परिषदेकडून कायद्याची अपेक्षा करू नये. देशांना पाच-पाच वर्षांनी सर्वांसमोर हिशेब मांडायला लावणारी जागा एवढाच तिचा उपयोग आहे, आणि तो लहान नाही.

४. अमेरिकेसारखा देश करारातून बाहेर पडला, तर करार संपल्यातच जमा नाही का?

नाही. अमेरिका २०२० च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिस करारातून बाहेर पडली, २०२१ च्या फेब्रुवारीत परतली आणि २०२५ च्या जानेवारीत तिने पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. पहिल्या वेळी तिच्यामागोमाग एकही देश बाहेर गेला नाही. खरा फटका बसतो तो गरीब देशांना मिळणाऱ्या निधीला, कारण त्याची भरपाई करायला दुसरा कोणी सहजासहजी पुढे येत नाही. देशांतर्गत कामाचे काय होते, ते पुढील दोन प्रश्नांत पाहावे.

५. जिथे सत्ताधारी हवामान बदल मानतच नाहीत, तिथे काय करता येते?

तिथे हवामानाचे नाव न घेता काम करता येते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. टेक्सास हे तेलाचे राज्य. पण पवन विजेच्या उत्पादनात अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर आहे. नवीकरणीय विजेचे बंधन घालणाऱ्या १९९९ च्या कायद्यावर तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची सही आहे. वारा राज्याच्या पश्चिम भागात आणि ग्राहक पूर्वेकडच्या शहरांत, म्हणून आधी पवनचक्क्या की आधी तारा हा पेच होता. २००५ च्या कायद्याने तो सोडवला: वारा चांगला असलेले पट्टे आधी निश्चित करायचे आणि तेथे पारेषण वाहिन्या टाकून मोकळे व्हायचे. सुमारे ७ अब्ज डॉलर खर्चाच्या या वाहिन्या २०१४ च्या सुमारास पूर्ण झाल्या. जमीनमालकांना भाडे मिळू लागले आणि ग्रामीण शाळांना करांचे उत्पन्न. २०२५ मध्ये नवीकरणीय प्रकल्पांवर जाचक अटी घालणारी विधेयके राज्याच्या सिनेटमध्ये मंजूर झाली, पण दुसऱ्या सभागृहात अडकून पडली.

दुसरे उदाहरण प्रशीतक वायूंचे आहे. फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रांतील हायड्रोफ्लुरोकार्बन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा करार २०१६ मध्ये किगाली येथे झाला. शतकाअखेरची अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ त्याने टळू शकते. अमेरिकेत त्यासाठीच्या कायद्यावर २०२० च्या डिसेंबरमध्ये सही केली ती हवामान बदलाला थोतांड म्हणणाऱ्या ट्रम्प यांनीच, आणि २०२२ मध्ये सिनेटने किगाली करार ६९ विरुद्ध २७ मतांनी मान्य केला. क्योटोच्या वेळचे ९५-० आठवावे. फरक एवढाच की पर्यायी वायू बनवणाऱ्या कंपन्या देशातच होत्या आणि त्यांनाच हा कायदा हवा होता.

६. सरकार बदलले की सगळे उलटते. टिकणारे धोरण आधीच ओळखता येते का?

खात्रीने नाही, पण खुणा दिसतात. ऑस्ट्रेलियाने २०१२ च्या जुलैमध्ये टनामागे २३ ऑस्ट्रेलियन डॉलर अशी कर्बउत्सर्जनाची किंमत लागू केली आणि २०१४ च्या जुलैमध्ये ती रद्द झाली. ती रद्द करणाऱ्या सरकारला त्याच काळात स्वच्छ ऊर्जेला कर्ज देणारी सरकारी वित्तसंस्थाही मोडीत काढायची होती. सिनेटने ते होऊ दिले नाही आणि ती संस्था आजही कर्जे देते. छतावरच्या सौर पॅनलांचे तर कोणीच काही बिघडवू शकले नाही; आज तेथील साधारण दर तीन घरांमागे एका घरावर ते आहेत. कर हा कायद्यातला आकडा होता, तो एका मतदानाने गेला. कर्ज फेडणारे प्रकल्प आणि छतावर बसवलेले पॅनल यांच्यामागे मात्र मतदार उभे राहिले.

दुसरी खूण म्हणजे विरोधी पक्षांचा आरंभापासूनचा सहभाग. उरुग्वेत २०१० मध्ये संसदेतील सर्व पक्षांनी दीर्घकालीन ऊर्जा धोरणाला मान्यता दिली आणि पवन ऊर्जेसाठी लिलावाद्वारे वीस वर्षांचे करार झाले. एका दशकात देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक वीज बहुतेक वर्षी नवीकरणीय स्रोतांतून येऊ लागली. २०२० मध्ये सत्तांतर झाले, धोरण मोडले नाही.

तरीही यांतले काहीही कायमची हमी देत नाही. ब्रिटनचा २००८ चा हवामान कायदा मोजक्या खासदारांचा अपवाद वगळता सर्वांच्या पाठिंब्याने झाला आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर देशातला शेवटचा कोळसा वीज प्रकल्प बंद झाला. पण २०२५ मध्ये काँझर्व्हेटिव्ह पक्षाने, म्हणजे एके काळच्या पाठीराख्यांनीच, तो कायदा रद्द करण्याचे आश्वासन दिले. अमेरिकेत स्वच्छ ऊर्जेला सवलती देणारा २०२२ चा कायदा सिनेटमध्ये केवळ उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने मंजूर झाला होता. त्यातून आलेल्या कारखान्यांपैकी बरेचसे विरोधी पक्षाच्या मतदारसंघांत गेले, त्यामुळे तो टिकेल असा अनेकांचा हिशेब होता. २०२५ च्या जुलैमधील कायद्याने त्यातल्या पवन, सौर आणि विद्युत वाहनांच्या सवलतींना कात्री लावली. आमच्या मते या अपयशाचा अर्थ असा की लाभ पोहोचायला वेळ लागतो, आणि मतदान कारखाना सुरू होण्याआधी आले तर बांधकामाचा खड्डा कोणाला मत मिळवून देत नाही.

७. अर्थतज्ज्ञ कार्बन कराला सर्वोत्तम उपाय म्हणतात. मग तो इतक्या ठिकाणी का कोसळतो? पैसे परत दिले तरीही?

कारण कर दररोज दिसतो आणि परतावा दिसत नाही. कॅनडाने घरगुती ग्राहकांकडून इंधनावर घेतलेल्या कार्बन शुल्काची बहुतांश रक्कम कुटुंबांना परत केली आणि थेट हिशेबात बहुतेक कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त मिळत होते. परंतु सुरुवातीची काही वर्षे ती रक्कम वार्षिक प्राप्तिकर विवरणपत्रातील एक ओळ म्हणून वळती होत होती. नंतर दर तीन महिन्यांनी बँकेत जमा होऊ लागली, तेव्हाही पासबुकातील नोंदीवरून ती कशाची आहे हे अनेकांना उमगत नसे. पेट्रोल पंपावरचा आकडा मात्र सर्वांनाच कळत होता. २०२५ च्या एप्रिलपासून हे घरगुती शुल्क शून्यावर आणले गेले. उद्योगांवरील कार्बन किंमत चालू राहिली, हे सहसा सांगितले जात नाही.

फ्रान्समध्ये २०१८ च्या अखेरीस पिवळ्या जाकिटांच्या आंदोलनाने इंधन कराची वाढ मागे घ्यायला लावली. तेथील राग केवळ कराचा नव्हता. श्रीमंतांवरचा संपत्ती कर नुकताच बहुतांशी काढून टाकलेला असताना गाडीशिवाय ज्यांचे चालत नाही त्यांच्यावर बोजा टाकला जातो, हा होता.

स्वित्झर्लंडचा अनुभव सर्वांत बोलका आहे. तेथे २०२१ च्या जूनमध्ये इंधन आणि विमान प्रवासावर शुल्क सुचवणारा कायदा सार्वमतात ५१.६ टक्के विरोधी मतांनी पडला. दोन वर्षांनी त्याच मतदारांपुढे २०५० चे शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आणि जुनी तापनयंत्रे बदलण्यासाठी अनुदान, पण नवा कर नाही, असा कायदा आला आणि ५९.१ टक्के मतांनी मंजूर झाला. कर हा वाईट उपाय आहे असे यातून सिद्ध होत नाही. पर्याय हाताशी येण्याआधी तो लावला तर लोकांना त्यात केवळ शिक्षा दिसते.

८. इंधनावरचे अनुदान काढले की दंगली होतात. मग ते काढावे तरी कसे?

क्रम महत्त्वाचा आहे. नायजेरियाने २०१२ च्या १ जानेवारीला पेट्रोलवरचे अनुदान अचानक काढले, दर लिटरमागे ६५ नायरावरून सुमारे १४१ नायरावर गेला, देशव्यापी संप झाला आणि त्याच महिन्यात तो ९७ नायरावर आणावा लागला. इराणने २०१० मध्ये उलट केले. दरवाढीच्या आधीच कुटुंबांच्या बँक खात्यांत रोख रक्कम जमा झाली. ती खात्यात दिसत होती, पण दरवाढीच्या दिवसापर्यंत काढता येत नव्हती. इंधनाचे दर कित्येक पटींनी वाढले, तरी रस्त्यावर फारसे कोणी आले नाही.

पुढे महागाईने त्या रकमेची किंमत खाऊन टाकली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच देशाने मध्यरात्री दरवाढ जाहीर केली तेव्हा मोठा उद्रेक आणि त्याहून मोठे दमन झाले. एकदा साधलेला विश्वास दुसऱ्या वेळी आपोआप मिळत नाही.

९. कोळशावर पोट असलेल्यांचा विरोध चुकीचा आहे का?

नाही, तो रास्त आहे, आणि त्याला अज्ञान समजणाऱ्यांनीच या कामाचे पुष्कळ नुकसान केले आहे. स्पेनने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये खाणी बंद करण्यापूर्वी कामगार संघटनांशी २५ कोटी युरोंचा करार केला: ४८ वर्षांवरील कामगारांना लवकर निवृत्तिवेतन, इतरांना नवे प्रशिक्षण, आणि खाणींच्या जागा पूर्ववत करण्याची कामे स्थानिकांना. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत खाण भागांत सत्ताधारी पक्षाची मते घटण्याऐवजी वाढल्याचे नंतरच्या अभ्यासातून दिसून आले. जर्मनीने कोळसा भागांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतची तरतूद केली, मात्र शेवटची मुदत २०३८ अशी लांबची ठरली. वाटाघाटीत वेळही मोजावा लागतो.

१०. संसद ऐकत नसेल तर न्यायालयात जाऊन उपयोग होतो का?

होतो, पण कायद्यात आधीपासून काही आधार असेल तिथे. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सरकारला २०२० पर्यंत १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्के घट करण्यास बांधील ठरवले. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये, आज ढिलाई करून उद्याच्या पिढीच्या स्वातंत्र्यावर बोजा टाकता येणार नाही, अशा आशयाचा निकाल दिला. दोन आठवड्यांच्या आत मंत्रिमंडळाने कर्बसमतोलाचे, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण साधण्याचे, वर्ष २०५० वरून २०४५ वर आणणारा मसुदा मान्य केला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे २०२५ च्या जुलैमधील मत सल्लावजा आहे, तरी देशोदेशींच्या वकिलांच्या हाती ते आले आहे.

न्यायालय दुधारी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हरितगृह वायूंवर नियंत्रणाचा अधिकार पर्यावरण यंत्रणेला असल्याचे सांगितले आणि २०२२ मध्ये तोच अधिकार आकुंचित केला. स्वित्झर्लंडमधील ज्येष्ठ महिलांनी २०२४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयात खटला जिंकला, पण काही आठवड्यांतच तेथील संसदेने, आपण पुरेसे केले आहे, असे जाहीर केले. निकाल अमलात आणणारे शेवटी राजकारणीच असतात.

११. आमच्या भागात पवनचक्क्यांना गावकऱ्यांचाच विरोध आहे. त्यांना हवामानविरोधक समजायचे का?

बहुतेक वेळा नाही. आवाज, दृश्य आणि जमीन यांचा त्रास त्यांचा आणि नफा दूरच्या कंपनीचा, ही तक्रार हवामानाविषयी नसून वाटणीविषयी आहे. डेन्मार्कने तिचे उत्तर मालकीत शोधले. कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर २००० मध्ये उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडेन प्रकल्पातील २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. पुढे २००९ पासून काही वर्षे, नव्या पवनचक्क्यांमधील किमान २० टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आतील रहिवाशांना देऊ करण्याचे बंधन कायद्यानेच घातले. याने सगळा विरोध मावळला नाही. ज्याला देखावाच नको त्याला हिस्साही नको असतो.

१२. शहरे आणि राज्ये स्वतंत्रपणे किती पुढे जाऊ शकतात?

इमारतींचे नियम, सार्वजनिक वाहतूक, कचरा आणि वीजखरेदी यांत बरेच. आयात शुल्क आणि राष्ट्रीय ग्रिड यांत जवळपास नाहीच. वॉशिंग्टन राज्यात कार्बन शुल्काचे प्रस्ताव २०१६ आणि २०१८ मध्ये सार्वमतात पडले. विधिमंडळाने २०२१ मध्ये उत्सर्जनाच्या परवान्यांचा लिलाव करून त्यातून बससेवेसारख्या कामांना पैसा देणारा कायदा केला. तो रद्द करण्याचा प्रस्ताव २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांपुढे आला, तेव्हा सुमारे ६२ टक्के लोकांनी कायदा राहू द्यावा असे मत दिले.

१३. जीवाश्म इंधनांच्या बाजूने सवलती देऊन केलेली तडजोड स्वीकारावी का?

याला सरसकट उत्तर नाही. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्यात एक कलम असे होते की समुद्रातील पवन ऊर्जेसाठी जागा द्यायची असेल, तर आधीच्या वर्षभरात तेल आणि वायूसाठी किमान ६ कोटी एकर समुद्रक्षेत्र लिलावाला काढलेले असले पाहिजे. निर्णायक मत असलेल्या एका सिनेटरचा आग्रह त्यामागे होता, आणि कलम नाकारले असते तर कायदाच झाला नसता. मतांचे गणित पाहता तडजोड योग्य होती असे आम्हाला वाटते. मात्र दोन्ही बाजूंची वजने कालांतराने सारखी राहत नाहीत: प्रश्न ६ मध्ये आलेल्या २०२५ च्या कायद्याने पवन ऊर्जेच्या सवलती आखडल्या आणि मेक्सिकोच्या आखातात तेलाचे तीस लिलाव घेणे बंधनकारक केले. म्हणून सवलत देताना ती मुदतबंद आहे का आणि बदल्यात मिळणारी गोष्ट पुढच्या निवडणुकीपूर्वी जमिनीवर उभी राहते का, हे मसुद्याच्या टप्प्यावरच तपासावे लागते. उभ्या राहिलेल्या पवनचक्कीचा वीजखरेदी करार पुढील सरकारला सहजासहजी मोडता येत नाही. न बांधलेल्या पवनचक्कीची करसवलत मात्र एका ओळीच्या दुरुस्तीने जाते.